बांधून झाले; सांभाळायचे कोणी?



‘घर पहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही. तरी गावात निदान स्वतःची जागा असते, भावकी हात लावते, आणि दोन-चार वर्षांनी का होईना, डोक्यावर छप्पर येते. पण तुमचाच मुलगा नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेला म्हणजे? तिथे जागा नाही, भावकी नाही. पगारातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो, आणि उरले तर गावाकडे पैसे येतात. तेव्हा शहरातल्या घरांचा प्रश्न हा तुमच्या ओट्यावरचाही प्रश्न आहे, बरे का!

यावर एक उपाय सुचवला जातो. सरकारने किंवा महापालिकेने एक स्वतंत्र संस्था काढावी. तिने घरे बांधावीत, भाड्याने द्यावीत आणि सांभाळावीत. त्या घरांत हमालही राहावा, कारकूनही राहावा, शिक्षक आणि डॉक्टरही राहावेत. सगळे एकाच आवारात. ऐकायला हे सोपे वाटते. करायला कसे आहे, ते आज पाहू.

आधी मुंबईचाच अनुभव घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, दाटीच्या वस्त्या साफ करण्यासाठी सरकारने १८९८ साली ‘सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. ट्रस्टने रस्ते काढले, चाळीही बांधल्या. पण जेवढी घरे पाडली तेवढीसुद्धा नवी बांधून झाली नाहीत. पुढे १९२० साली ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ आले. त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ इमारती उभ्या केल्या. याच त्या बीडीडी चाळी. एका कुटुंबाला एक खोली, सुमारे १६० चौरस फुटांची. संडास सामाईक. आपल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी कुटुंबांचे संसार त्या खोल्यांत झाले. भाडे नाममात्र राहिले, आणि भाड्यातून दुरुस्तीपुरता पैसा निघेना. भिंती खचत गेल्या. शेवटी त्या पाडून नव्याने बांधण्याची वेळ आली.

स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळ आले, आणि १९७७ साली त्याची जागा ‘म्हाडा’ने घेतली. म्हाडा अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च अशा चार उत्पन्न गटांसाठी घरे काढते आणि सोडतीने देते. हजारो कुटुंबांना त्यातून हक्काचे छप्पर मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. पण यातली बहुतेक घरे विकली जातात. एकदा विकलेले घर त्या कुटुंबाचे झाले. पुढच्या गरजूसाठी संस्थेला पुन्हा नवी जमीन, नवा पैसा शोधावा लागतो.

आता जरा दूर, युरोपात जाऊ. ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांचे भयंकर हाल होते. तिथल्या नगरपालिकेने १९२३ साली घरपट्टीसारखा एक गृहकर बसवला. साध्या घराला थोडा, बंगल्या-हवेल्यांना भरपूर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. १९३० साली खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एकाच वसाहतीत १,३८२ घरे होती. शिवाय धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय आणि दवाखाना.

त्यांनी ही घरे भाड्याने दिली आणि मालकी शहराकडे ठेवली. म्हणून शंभर वर्षे होत आली तरी ती उपयोगात आहेत. आज शहराकडे सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत, आणि त्यांचा सांभाळ करणारी वेगळी संस्था आहे. मिळकतीची मर्यादाही बरीच वर ठेवलेली आहे, आणि ती घर देताना पाहतात. पुढे पगार वाढला म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यावर ट्रामचा चालक आणि शाळामास्तर शेजारी असू शकतात.

तुम्ही म्हणाल, गरिबांसाठीच्या घरात बऱ्या मिळकतीच्या माणसाचे काय काम? गुरुजी, याचे उत्तर तुमच्याजवळच आहे. ज्या काळी पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा गावच्या एकाच शाळेत बसत, त्या काळी शाळेचे कौल फुटले की पाटील स्वतः तालुक्याला जाऊन येत. पुढे ऐपतदारांची मुले गाडीत बसून शहरातल्या शाळेत जाऊ लागली. आता छप्पर गळते, तेव्हा तक्रार करणारा उरतो तो मजूर, आणि त्याचे कोण ऐकतो? घरांचेही तसेच आहे. जिथे फक्त गरीबच राहतात, तिथल्या नळाची दाद लवकर लागत नाही.

दुसरे कारण हिशेबाचे. समजा, शंभर घरे आहेत. कर्जाचा हप्ता आणि देखभाल मिळून दरमहा सहा लाख रुपये लागतात. चाळीस कुटुंबे तीन-तीन हजार देतात, चाळीस सहा-सहा हजार, आणि वीस बारा-बारा हजार. करा बेरीज: १,२०,००० अधिक २,४०,००० अधिक २,४०,०००. झाले सहा लाख! बाहेर तसल्याच घराला पंधरा हजार पडत असतील, तर बारा हजार देणाराही खूश. पण तीन हजारवाली घरे ऐंशी केली, तर ही बेरीज जमणार नाही. तेव्हा तूट करातूनच भरावी लागेल, आणि ते आधीच उघड सांगावे लागेल.

यात धोके नाहीत असे नाही. ऐपतदार सगळीच घरे बळकावतील. म्हणून प्रत्येक गटाची संख्या नियमाने बांधलेली हवी. वशिला चालेल; म्हणून प्रतीक्षायादी सर्वांना दिसेल अशी लावलेली हवी. दुरुस्तीचा पैसा दुसरीकडे वळेल. म्हणून त्याचे खाते वेगळे हवे. आणि कारभारी मंडळावर भाडेकरूंचे प्रतिनिधी हवेत, कारण गळके छप्पर त्यांच्याच डोक्यावर असते.

आपल्या गावी एखादी धर्मशाळा असेल. कोण्या दात्याने बांधली, त्याच्या नावाची पाटी अजून भिंतीवर आहे, आणि वरचे छप्पर पडलेले आहे. येत्या ग्रामसभेत घरकुलांचा किंवा शाळाखोलीचा विषय निघेल, तेव्हा ती धर्मशाळा आठवा आणि एवढेच विचारा: बांधायला पैसा आला, ठीक आहे, दहा वर्षांनी कौले कोण बदलणार, आणि कोणत्या पैशातून?