ओरिजिनल घेणाऱ्यालाच त्रास का?

व्हिडिओत हा मुद्दा घाईत झाला, म्हणून इथे लिहितो.

ट्रॉम्बेच्या माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक जुन्या गेमची ओरिजिनल डिस्क घेऊन आलं. पीसीवर विंडोज 10 टाकलं आणि गेम चालेना. डिस्कवर एक ओरखडा नाही! अडचण होती कॉपी प्रोटेक्शनची. सेफडिस्कसारखं प्रोटेक्शन विंडोजच्या अगदी आत ड्रायव्हर बसवायचं. सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये ते विंडोज 10 मधून बंदच केलं. तो म्हणाला, "भाऊ, लॅमिंग्टन रोडवरून पायरेटेड उचलली असती तर आज खेळत असतो." यावर काय बोलणार?

2008 चा 'स्पोर' बघा. ईएने अट घातली, एक कॉपी 3 कॉम्प्युटरवरच अ‍ॅक्टिव्हेट होणार. फॉरमॅट मारला की एक संधी गेली. चिडलेल्या लोकांनी अ‍ॅमेझॉनवर एकेक स्टारचा पाऊस पाडला. मर्यादा मग 5 केली. आणि क्रॅक? तो रिलीजच्या आधीच फिरत होता! म्हणजे कुलूप फक्त पैसे भरणाऱ्याच्या दाराला. (आपल्या दुकानातला "नो एक्स्चेंज" बोर्डही आठवा.)

2010 मध्ये युबिसॉफ्टने खेळताना सतत इंटरनेट सक्तीचं केलं. सर्व्हर बसले आणि 'असॅसिन्स क्रीड 2' विकत घेतलेले लोकही बसून राहिले.

याउलट जीओजी 2008 पासून असं कुलूप न लावता गेम विकतं. माझ्या गिऱ्हाइकाने शेवटी तोच गेम तिथून घेतला. दुसऱ्यांदा पैसे भरून. जुनी डिस्क माझ्याच काउंटरवर विसरून गेला.