हॉस्पिटलमधून घरी जाताना: कॉम्प्युटरने वाचवलेला वेळ कोणाचा?



मागच्या महिन्यात ठाण्याहून माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. तिच्या यजमानांना डॉक्टरांनी सकाळी दहाला सांगितलं, "आता घरी जा." घरी पोहोचायला संध्याकाळचे सात वाजले. दिवसभर ही बिलाच्या खिडकीपाशी, नाहीतर इन्शुरन्सवाल्यांच्या फोनवर. वैतागून मला म्हणाली, "तुमच्या कॅनडात बरं आहे गं. सगळं कॉम्प्युटरवर. बटण दाबलं की पेशंट घरी!"

मी हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, आपल्यापैकी पुष्कळांचा असाच समज असेल. म्हणून हे लिहायला बसले. मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, सत्तरच्या दशकात टोरांटोला आले आणि पस्तीसएक वर्षं वॉर्डात काढली. किती पेशंटना दारापर्यंत सोडायला गेले याचा हिशोब नाही. डिस्चार्ज हाताने होत होता तेही मी पाहिलं, आणि कॉम्प्युटरने होऊ लागला तेही पाहिलं. हॉस्पिटलवाले सांगतात, यात पैसे वाचतात. वाचतात का? आणि वाचले तर कोणाचे?

पूर्वी काय व्हायचं

पूर्वी डॉक्टर राउंडला येत, फाइलीत "आज घरी" असं लिहीत आणि पुढच्या पेशंटकडे जात. ती फाइल कोणी उघडून पाहीपर्यंत कधी कधी तास निघून जाई. मग वॉर्डची क्लार्क फार्मसीला फोन करी, पुढच्या तपासणीची तारीख मागून घेई, सफाईवाल्यांना निरोप पाठवी. डॉक्टर पेशंटच्या आजाराचा गोषवारा टेपवर बोलत, टायपिस्ट तो टाइप करी आणि मग तो पोस्टाने फॅमिली डॉक्टरकडे जाई. पेशंट आधी पोहोचला आणि कागद मागाहून आला, असं कितीदा तरी व्हायचं.

वॉर्डात बेड रिकामा झालेला असे, पण तो रिकामा आहे हे फक्त आम्हा दोघी-तिघी नर्सना ठाऊक. खाली इमर्जन्सीत एखादी म्हातारी बाई स्ट्रेचरवर पडून त्याच बेडची वाट पाहत असे.

आता काय होतं

आता पेशंट भरती झाला की पहिल्या दिवसापासूनच कॉम्प्युटरात घरी जाण्याची अंदाजे तारीख असते. डॉक्टरांनी डिस्चार्जची ऑर्डर टाकली की एकाच वेळी चार-पाच ठिकाणी निरोप जातो. फार्मसीला कळतं, पेशंटला न्यायला माणूस येतो, सफाईवाल्याच्या हातातल्या फोनवर बेडचा नंबर येतो. बेड स्वच्छ झाला की इमर्जन्सीला लगेच दिसतं. ऑन्टॅरियोत हेल्थ रिपोर्ट मॅनेजर नावाची व्यवस्था आहे, तिच्यातून हॉस्पिटलचा अहवाल थेट फॅमिली डॉक्टरच्या कॉम्प्युटरात जाऊन पडतो.

टोरांटोचं हंबर रिव्हर हॉस्पिटल यात पुढे आहे. त्याची नवी इमारत ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झाली, ती पूर्णपणे डिजिटल हॉस्पिटल म्हणूनच बांधलेली. २०१७ च्या अखेरीस त्यांनी तिथे कमांड सेंटर उघडलं. विमानतळावर विमानांवर नजर ठेवतात तशी ती खोली. भिंतभर पडदे. कोणाची तपासणी अडली आहे, कोणता बेड साफ व्हायचा आहे, कोणाचा डिस्चार्ज कशापायी थांबला आहे, हे सगळं तिथे बसलेल्यांना दिसतं.

बचत होते, पण कसली?

आता साधा हिशोब करू. समजा, एका हॉस्पिटलातून रोज २४ पेशंट घरी जातात. कॉम्प्युटरमुळे प्रत्येक जण दोन तास लवकर गेला. म्हणजे रोज ४८ तास वाचले. एका बेडचा दिवस २४ तासांचा. म्हणजे भिंत न बांधता, खाट न घेता हॉस्पिटलला दोन बेड जास्त मिळाले. ही बचत खरी आहे, आणि मोठी आहे.

पण म्हणून हॉस्पिटलच्या तिजोरीत दोन बेडचे पैसे शिल्लक राहतात असं समजू नका. नर्सचा पगार तोच, वीज तीच, इमारत तीच. शिवाय रिकामा झालेला बेड रिकामा राहत नाही. तासाभरात नवीन पेशंट येतो, आणि पहिल्या दिवशीच तपासण्या, औषधं, धावपळ सर्वांत जास्त असते. घरी निघालेल्या माणसाचा शेवटचा दिवस हॉस्पिटलला स्वस्त पडतो, नव्याचा पहिला दिवस महाग. म्हणजे बेड लवकर फिरले तर एकूण खर्च वाढूही शकतो.

इथे भारत आणि कॅनडा यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. कॅनडात १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टप्रमाणे हॉस्पिटलातल्या जरुरीच्या उपचाराचं बिल पेशंटला येत नाही. हॉस्पिटलला बराचसा पैसा सरकारकडून ठरवून मिळतो. माझ्या बहिणीला जसं बिलाच्या खिडकीपाशी बसावं लागलं तसं इथे कोणी बसत नाही. म्हणून इथली बचत डॉलरमध्ये दिसत नाही, ती खालच्या कॉरिडॉरमध्ये दिसते. स्ट्रेचरवरची बाई रात्री अकराच्या ऐवजी संध्याकाळी सहाला बेडवर आली, ही ती बचत.

जिथे बटण चालत नाही

बहिणीला मी हेही सांगितलं की कॅनडातसुद्धा माणसं अडकून पडतात, आणि तासभर नाही, आठवडेच्या आठवडे. ज्याचा उपचार संपला आहे, पण जायला जागा नाही, अशा पेशंटला इथे "ए.एल.सी." म्हणतात. कोणाला घरी मदतीला बाई हवी असते, कोणाला नर्सिंग होममध्ये जागा हवी असते. अशांपैकी बहुतेक आपल्या वयाचे.

यावर ऑन्टॅरियो सरकारने २०२२ मध्ये कायदा केला. नर्सिंग होमची गरज असलेल्या अशा पेशंटला त्याने न निवडलेल्या होममध्येही जागा देता येते, प्रांताच्या दक्षिण भागात ७० किलोमीटरपर्यंत. जागा मिळाली, डिस्चार्ज झाला आणि तरी हॉस्पिटल सोडलं नाही, तर २० नोव्हेंबर २०२२ पासून दिवसाला ४०० डॉलर आकार लागतो. कायदा चांगला की वाईट यावर इथे पुष्कळ भांडण झालं. मला एवढंच सांगायचं आहे की हा अडथळा कॉम्प्युटरचा नाही. कॉम्प्युटर दाखवतो की अमुक पेशंट चाळीस दिवस थांबला आहे. त्याला आंघोळ घालायला माणूस मात्र कॉम्प्युटर आणून देत नाही.

आमच्या घरची गोष्ट

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना छातीच्या दुखण्यासाठी एका हॉस्पिटलात पाच दिवस ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी दोनला सांगितलं, "घरी जा." तीनला आम्ही गाडीत बसलो होतो. इतका झटपट डिस्चार्ज माझ्या सगळ्या नोकरीत मी केला नसेन. हातात सात पानांचा छापील कागद, सुबक, शिक्का-सही सगळं जागच्या जागी. नर्स मुलगी गोड होती, पण तिला पुढचा पेशंट घ्यायचा होता. तिने विचारलं, "काही प्रश्न?" आम्ही म्हणालो, "नाही." दमलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन शब्बाथचे दिवे लावले, जेवलो. रात्री गोळ्या काढायला कागद उघडला तर रक्तदाबाच्या दोन गोळ्या: रॅमिप्रिल आणि पेरिन्डोप्रिल. दोन्ही एकाच जातीच्या, एकीच्या जागी दुसरी द्यायच्या. दोन्ही एकदम घेतल्या तर रक्तदाब खाली येऊ शकतो, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं. घरी ते रॅमिप्रिल घेत. हॉस्पिटलच्या फार्मसीत त्या जातीतली पेरिन्डोप्रिल होती, म्हणून वॉर्डात ती दिली. हे नेहमीचंच आहे, त्यात गैर काही नाही. पण घरी जाताना घरची यादी आणि वॉर्डची यादी एकत्र झाली, आणि जुनी गोळी कोणी काढली नाही. यंत्राला दोन नावं दिसली, त्याने दोन्ही छापली.

जिवाचा प्रश्न आला की शब्बाथही बाजूला राहतो. मी वॉर्डला फोन लावला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, "एकच घ्यायची." मी नर्स होते म्हणून माझ्या लक्षात आलं. शेजारच्या घरात कोणाच्या आलं असतं? ते पहाटे बाथरूममध्ये पडले असते, ॲम्ब्युलन्सने परत गेले असते, आणि दोन तास वाचवलेला बेड पुन्हा आठवडाभर अडला असता.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २००४ साली कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ओटावाचा एक अभ्यास छापून आला. घरी गेलेल्या ३२८ पेशंटपैकी ७६ जणांना, म्हणजे २३ टक्क्यांना, उपचारामुळेच काही ना काही त्रास झाला होता, आणि बहुतेकांचा तो औषधांमुळे होता. त्यांतल्या निम्म्यांचा त्रास टाळता तरी आला असता किंवा कमी तरी करता आला असता.

यंत्राचाही चांगला उपयोग आहे

यंत्राला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. ओटावाच्याच डॉक्टरांनी २०१० मध्ये "लेस" नावाचा एक आकडा काढला. पेशंट किती दिवस राहिला, तातडीने भरती झाला का, आणखी कोणते आजार आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत इमर्जन्सीत किती वेळा आला, या चार गोष्टींना गुण द्यायचे. जास्तीत जास्त १९. दहा किंवा त्याहून जास्त आले की हा माणूस महिन्याभरात परत येण्याचा धोका मोठा. हे गणित कॉम्प्युटर सहज करतो आणि नर्सला सांगू शकतो, "या आजोबांपाशी जरा जास्त वेळ बस."

टोरांटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कमधल्या ओपनलॅबने तर पेशंटना आणि घरच्यांना विचारून घरी न्यायचा एक सोपा कागद तयार केला. त्याला "पॉड्स" म्हणतात. त्यात पाचच गोष्टी: कोणती औषधं घ्यायची, कसं वाटू शकेल आणि तसं झालं तर काय करायचं, रोजच्या वागण्यात काय बदलायचं, पुढे कोणाकडे कधी जायचं, आणि माहिती कुठे मिळेल. अक्षर मोठं, भाषा साधी.

म्हणून माझं मत असं. कॉम्प्युटरने दोन तास वाचवले ना? मग त्यातली दहा मिनिटं पेशंटला परत द्या. नर्सने खुर्ची ओढून बसावं आणि म्हणावं, "काका, आता तुम्ही मला सांगा, सकाळी कोणती गोळी घ्याल?" नुसतं "समजलं का?" असं विचारलं की सगळे मान डोलावतात. स्वतः सांगायला लावलं की चूक तिथल्या तिथे सापडते. ती दहा मिनिटं दिली नाहीत, तर बचत झालीच नाही. खर्च फक्त हॉस्पिटलातून उचलून आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

आपण काय करावं

भरती होताना घरच्या सर्व गोळ्या, डब्यांसकट, पिशवीत घालून न्या. पहिल्याच दिवशी विचारा, "अंदाजे घरी कधी?" म्हणजे मुलांना, शेजाऱ्यांना आधी सांगता येतं.

निघताना यादी हातात घेऊन तीन प्रश्न विचारा: नवीन कोणती, बंद कोणती, बदललेली कोणती? "बंद कोणती" हा सर्वांत महत्त्वाचा. पण शंका आली म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. वॉर्डला, फार्मासिस्टला किंवा डॉक्टरला विचारा. ऑन्टॅरियोत ८११ या नंबरवर दिवसरात्र नर्सशी बोलता येतं.

शुक्रवारी दुपारी डिस्चार्ज असेल तर जास्त सावध राहा. शनिवार-रविवार फॅमिली डॉक्टर सहसा बंद असतात. घरी मदतीची सोय केव्हापासून, हे निघण्याआधी विचारून घ्या. तयारी नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भारतात असाल तर हेही लक्षात ठेवा. तिथल्या विमा नियामकाने, आय.आर.डी.ए.आय.ने, २०२४ मध्ये नियम केला आहे: कॅशलेस विमा असेल तर हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा.

हा नियम मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला हे कोणी सांगितलंच नाही!" मग मी तिला यजमानांच्या गोळ्यांची यादी आणायला सांगितली आणि एकेक नाव वाचायला लावलं. तिला वीस मिनिटं लागली. यादी बरोबर होती. त्या रात्री आम्ही दोघी स्वस्थ झोपलो.