सरकारी सेवकांची संघटना : स्टुटगार्ट ते वांद्रे

१ मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि कामगार संत जोसेफ यांचा सण. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. वांद्रे पूर्वेचे चर्च याच संताला वाहिलेले आहे आणि याच भागात शासकीय कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. आपल्या धर्मग्रामांतही पालिका, शासकीय रुग्णालये व शासकीय कार्यालये यांत सेवा करणारी अनेक कुटुंबे आहेत. म्हणून सरकारी सेवकांच्या संघटनेचा इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे.

१९०७ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे विविध देशांतील सार्वजनिक सेवेतील कामगारांचे प्रतिनिधी एकत्र आले. त्यातूनच आजच्या ‘पब्लिक सर्व्हिसेस इंटरनॅशनल’ या महासंघाचा उगम झाला. पहिल्या महायुद्धाने हे नाते तोडले. १९१९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ते पुन्हा जुळले. १९३३ मध्ये नाझी राजवटीने जर्मनीतील स्वतंत्र कामगार संघटना मोडून काढल्या, तरी चळवळ संपली नाही. आज १५० हून अधिक देशांतील ७०० हून अधिक संघटना या महासंघात आहेत.

दरम्यान पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला होता. त्याच विचारातून १९२० मध्ये हेग येथे ख्रिस्ती कामगार संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला.

महाराष्ट्रात डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून संप पुकारला. तो ५४ दिवस चालला. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा संप झाला. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना ते नाकारण्यात आले होते.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. कारखाना बंद पडला तर प्रामुख्याने मालकाचे नुकसान होते. रुग्णालय बंद पडले तर गरिबाचे हाल होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय दिला. दुसरीकडे, त्यांच्या संघटना-स्वातंत्र्याला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७८ चा १५१ क्रमांकाचा करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या विश्वपत्रात यातील समतोल दाखविला आहे. संप हे न्याय्य, परंतु अखेरचे साधन होय. अत्यावश्यक सेवा मात्र कोणत्याही परिस्थितीत चालू राहिल्या पाहिजेत. ही शिकवण दोघांनाही बांधते. कर्मचाऱ्याने रुग्णाला विसरू नये आणि अखेरच्या साधनाकडे वळण्याची पाळी सेवकांवर येणार नाही, अशी वेळीच चर्चा शासनाने करावी. कामगार संत जोसेफ दोघांनाही ही सद्बुद्धी देवो!