तळ्याकाठचे शिबीर

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी तुमच्या शाळेतील मुलींचे शिबीर सेलू तालुक्यातील बोर जलाशयाजवळ भरले आहे, अशी कल्पना करा. पहाटे उठणे, पाणी भरणे, पाळीपाळीने स्वयंपाक करणे आणि दर दोन तासांनी तापमापी वाचून वहीत नोंद करणे, असा दिनक्रम.

दुपारी काठची वाळू पायाला चटके देते. पाणी मात्र गार! असे का? एक किलोग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल उष्णता लागते, तेवढ्याच कोरड्या वाळूला सुमारे ८०० ज्यूल पुरतात. हे त्याचे एक प्रमुख कारण. रात्री वाळू लवकर निवते, पाणी उशिरा. मुलींच्या नोंदवहीत हेच दिसते.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. शिबिरात त्याचाच अनुभव येतो. पहिल्या रात्री कर्कश ओरडण्याने दचकलेली मुलगी सकाळी काठावर टिटवी पाहते, तिचा आवाज ओळखते. दुसऱ्या रात्री शेजारची मैत्रीण घाबरून उठते, तेव्हा तीच तिला सांगते, “अगं, टिटवी आहे ती. झोप!”