संगणकातले पत्ते दप्तरी कसे लावावेत

मंडळी, शाळेत जाऊन तुम्ही विचारले, "शंकर कुठे बसतो?" आणि कोणी सांगितले, "तिसऱ्या बाकावर, खिडकीशेजारी." तेवढ्या तासापुरते उत्तर बरोबर. पण तेच वहीत लिहून ठेवले आणि पुढच्या जूनमध्ये वही उघडली, तर? बाक तिथेच असेल, पण वर मुलगा दुसराच बसलेला असेल.

संगणकाला काम सांगण्याच्या भाषांपैकी 'सी' ही एक. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२च्या सुमारास घडविली. तीत पॉइंटर म्हणून एक चीज आहे. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे. ती वस्तू संगणकाच्या स्मृतीत कुठे ठेवली आहे, त्या जागेचा पत्ता.

समजा, एका गुरुजींनी मुलांची यादी संगणकात घातली. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: नावाचा पॉइंटर, गुणांचा आकडा, आणि शाळेत भावंड असेल तर त्याच्या नोंदीचा पॉइंटर. आता यंत्र बंद करण्यापूर्वी हे सारे फायलीत उतरवायला हवे. 'सी'मध्ये 'एफराइट' नावाची सोय आहे. ती नोंद उचलते नि जशीच्या तशी फायलीत टाकते. गुरुजींनी तेच केले, आणि इथेच घात झाला. गुण फायलीत गेले. नावे गेलीच नाहीत! नावांच्या जागी गेले ते आठ-आठ बाइटांचे पत्ते. सकाळी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की स्मृतीची वाटणी नव्याने होते. आजच्या यंत्रांत तर चोराला ठिकाण सापडू नये म्हणून ती मुद्दाम बदलती ठेवतात. जुन्या पत्त्यावर जावे, तर तिथे दुसऱ्याच कोणाचा संसार, नाहीतर उघडे माळरान. प्रोग्रॅम कोसळतो. कोसळला तर बरेच म्हणायचे. कधी कधी तो न कोसळता भलतेच नाव दाखवतो.

आणि दगा असा, की गुरुजींनी प्रोग्रॅम न थांबवता लगेच फाईल वाचून पाहिली असती, तर सगळी नावे बरोबर दिसली असती. बाक अजून हललेलेच नव्हते ना! म्हणून पडताळा घ्यायचा तो प्रोग्रॅम पुरता बंद करून, पुन्हा चालू करून.

उपाय शाळेच्या कपाटातच आहे: जनरल रजिस्टर. मुलाचा वर्ग बदलतो, बाक बदलतो, रजिस्टर नंबर बदलत नाही. तसेच इथेही आधी सर्व नोंदींना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. भावंडाच्या पत्त्याऐवजी त्याचा क्रमांक लिहावा. भावंड नसेल तर शून्य. नावाची आधी लांबी, मग अक्षरे. लांबी बाइटांत मोजावी बरं का! 'शंकर' आपल्याला तीन अक्षरी दिसतो, पण यूटीएफ-८ पद्धतीत त्याचे बारा बाइट होतात. या उतरवण्याला सीरियलायझेशन म्हणतात.

परत वाचताना फेऱ्या दोन. पहिल्या फेरीत प्रत्येक नोंदीला नवी जागा द्यावी आणि क्रमांकासमोर तिचा नवा पत्ता मांडून ठेवावा. दुसऱ्या फेरीत भावंडांचे क्रमांक पाहून त्या जागी पत्ते बसवावेत. एकाच फेरीत का नाही? तिसऱ्या नोंदीचे भावंड नववे असेल, तर तिसरी वाचताना नववी अजून जन्मालाच आलेली नसते. शिवाय शंकरच्या नोंदीत गंगू आणि गंगूच्या नोंदीत शंकर. क्रमांक न देता 'भावंड दिसले की त्याचीही नोंद लिही' असे सांगितले, तर यंत्र घाण्याच्या बैलासारखे फिरतच राहील.

फायलीवर आंधळा विश्वासही ठेवू नये. नोंदी ४० आणि भावंडाचा क्रमांक ४१ निघाला, तर फाईल बिघडली आहे असे समजून तिथेच थांबावे.

आणि तशी पत्त्यांची फाईल कोणी आधीच करून बसले असेल तर? गुण तेवढे काढून घेता येतात. नावे मात्र जुन्या हजेरीपटावरून, एकेक करून, पुन्हा भरावी लागतात.