खोटी व्याख्या खरी का वाटते?

फिक्शनरी हा खेळ तुम्ही ऑनलाइन खेळला असाल. एक जण शब्दकोशातला अनोळखी शब्द देतो, बाकीचे त्याची खोटी व्याख्या रचतात. मग खरी-खोटी सगळ्या वाचायच्या आणि खरी ओळखायची. तुमच्या व्याख्येला जितके फसतील तितके गुण तुमचे.

समजा शब्द आला 'पऱ्हाटी'. यवतमाळकर लगेच सांगेल, कपाशीचं झाड. पण ज्यानं वऱ्हाडी ऐकलीच नाही, त्याला 'पहाटे गायचे लोकगीत' हेही पटेल. कारण ते कोशाच्या साच्यात बसतं: आधी प्रकार (लोकगीत), मग त्याचं वेगळेपण (पहाटेचे). साचा बरोबर, पुरावा शून्य!

संशोधनात घात इथंच होतो. १९३४ च्या वेब्स्टर कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता, असा शब्द छापला गेला. मुळात ती संक्षेपाची चिठ्ठी होती: घनतेसाठी मोठा किंवा लहान डी, म्हणजे इंग्रजीत 'डी ऑर डी'. कुणीतरी ते जोडून वाचलं. १९३९ मध्ये एका संपादकाला खटकलं, की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही.

म्हणून वणी-पांढरकवड्याकडे बोलीचे शब्द गोळा करायला जाल, तेव्हा नुसता अर्थ लिहून आणू नका. कोण बोललं, कुठं, कोणत्या वाक्यात, हे टिपा. दुसऱ्या गावात पुन्हा विचारा. 'वावरातली पऱ्हाटी उपटली' एवढं एक वाक्य मिळालं, की लोकगीतवाली व्याख्या तिथंच बाद. खेळात फसलात तर एक गुण जातो. प्रबंधात फसलात, तर पुढचे अभ्यासक तोच अर्थ तुमच्या नावानं उद्धृत करत राहतात.