वर्षभराच्या कराराचे शिक्षक : दक्षिण कोरियातील परदेशी इंग्रजी अध्यापकांचा मागोवा

कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी माणूस बोलावण्याची सुरुवात जोसॉन राजवटीच्या अखेरच्या काळात झाली. १८८६ मध्ये राजा कोजोंगच्या सरकारने सेऊलमध्ये उच्चकुलीन तरुणांसाठी एक शाळा काढली आणि तिथे होमर हल्बर्ट, जॉर्ज गिलमोर व डॅल्झेल बंकर या तीन अमेरिकनांना नेमले. शाळा १८९४ मध्ये बंद पडली. हल्बर्ट मात्र या देशाशी जन्मभर बांधले गेले. त्यांनी हंगुल लिपीत भूगोलाचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि जपानी वर्चस्वाविरुद्ध कोरियाची बाजू जगापुढे मांडली. १९४९ मध्ये त्यांचे निधन सेऊलमध्येच झाले; हान नदीकाठच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्यांची कबर आहे. पुढे आलेल्या हजारो शिक्षकांपैकी इतके खोल रुजलेले थोडेच. याचे कारण त्या शिक्षकांच्या स्वभावापेक्षा त्यांना बोलावणाऱ्या व्यवस्थेत अधिक आहे.

कोरियन युद्धानंतरच्या काळात पहिली मोठी तुकडी आली ती अमेरिकेच्या पीस कोअरची. १९६६ ते १९८१ या काळात सुमारे दोन हजार स्वयंसेवक कोरियात काम करून गेले आणि त्यांतील बऱ्याच जणांनी माध्यमिक शाळांत इंग्रजी शिकवले. वर्गात साठ-साठ मुले, हातात तुटपुंजा भत्ता आणि मुक्काम एखाद्या कोरियन कुटुंबात, अशी त्यांची राहणी होती. भोकाभोकांच्या कोळसाविटांवर तापणाऱ्या जमिनीवर झोपायचे, घरच्यांच्या पंगतीला बसायचे. त्यामुळे भाषा आपोआप कानावर पडे. १९७५ पासून दक्षिण छुंगछोंग प्रांतातील येसान गावी शिकवलेल्या कॅथलीन स्टीफन्स २००८ मध्ये अमेरिकेच्या राजदूत म्हणून सेऊलला परतल्या, तेव्हा त्या कोरियन भाषेत बोलत होत्या. ही पिढी संख्येने लहान होती, पण देशाच्या सर्वांत जवळ गेलेली हीच.

१९८८ च्या ऑलिंपिकनंतर चित्र पालटले. १९८९ मध्ये परदेशप्रवासावरील बंधने उठली. १९९३ मध्ये अध्यक्ष झालेल्या किम यंग-साम यांनी जागतिकीकरण हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केले आणि इंग्रजी ही त्याची किल्ली ठरली. १९९५ मध्ये सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्याची ‘एपिक’ योजना सुरू झाली. १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी हा नियमित विषय झाला. दुसऱ्या बाजूला खासगी क्लास, म्हणजे हाग्वॉन, फोफावत होते. १९८० मध्ये चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. ती टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या क्लासची सवय असलेल्या वाचकाला हाग्वॉन परका वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथे बालवाडीतले मूलही रोज क्लासला जाते.

मधेच १९९७ चे आर्थिक संकट कोसळले. वर्षाच्या पूर्वार्धात डॉलरला नऊशे वॉनच्या आसपास असलेला दर डिसेंबरमध्ये दोन हजारांच्या जवळ गेला. मायदेशी शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी आलेल्या तरुणांचा पगार डॉलरच्या हिशेबात निम्म्यावर आला. अनेक क्लास बंद पडले, बरेच शिक्षक परतले. दोन-तीन वर्षांत मागणी पुन्हा वाढली आणि २००० नंतरचे दशक या व्यवसायाच्या भरभराटीचे ठरले.

या काळातील शिक्षकाचे रोजचे जीवन ई-२ व्हिसा आणि बारा महिन्यांचा करार यांनी आखून दिलेले होते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच हा व्हिसा मिळे, आजही मुख्यतः त्यांनाच मिळतो. पदवी कोणत्याही विषयाची चाले; शिकवण्याचा अनुभव खासगी क्षेत्रात सहसा विचारला जात नसे, अर्जासोबत छायाचित्र मात्र हमखास मागितले जाई. गोऱ्या चेहऱ्याला प्राधान्य मिळे. कृष्णवर्णीय उमेदवारांना आणि अमेरिकेत वाढलेल्या कोरियन वंशाच्या तरुणांनाही, त्यांची इंग्रजी जन्मजात असूनही, नकार पचवावे लागले. पालकांना हवे होते ते इंग्रजीचे चित्र, आणि शाळा-क्लासांनी ते निमूटपणे पुरवले. या सगळ्या इतिहासातील ही सर्वांत लाजिरवाणी बाजू आहे.

करारात पगाराबरोबर राहते घर, विमानाचे भाडे, निम्मा आरोग्यविमा आणि वर्ष पूर्ण झाल्यावर एका महिन्याच्या पगाराइतकी सेवासमाप्ती रक्कम असे. घर म्हणजे बहुधा एकच खोली: दाराशी बूट काढण्याची खोलगट जागा, कोपऱ्यात शेगडी आणि कपडे धुण्याचे यंत्र, अंघोळीचा फवारा थेट बेसिनला जोडलेला, आणि हिवाळ्यात खालून तापणारी ओनदोल पद्धतीची जमीन. नवख्याला पहिल्या आठवड्यात शिकावी लागे ती कचऱ्याची शिस्त. १९९५ पासून देशभर कचऱ्यासाठी विकतच्या ठरावीक पिशव्या सक्तीच्या झाल्या आणि पुढे उरलेले अन्नही वेगळे द्यावे लागू लागले. चुकीच्या पिशवीतला कचरा शेजारच्या आजी दारात आणून ठेवत. परकीय नागरिक नोंदणीपत्र हाती येईपर्यंत मोबाइल, बँक, इंटरनेट या सगळ्यांसाठी कोरियन सहकाऱ्यावर अवलंबून राहावे लागे.

सरकारी शाळेतला दिवस आणि हाग्वॉनमधला दिवस यांत फार अंतर होते. शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. शिक्षक सकाळी साडेआठच्या सुमारास पोचतो, बूट काढून सपाता घालतो आणि शिक्षकांच्या सामायिक खोलीतील आपल्या टेबलाशी जातो. आठवड्याला साधारण बावीस तासिका. वर्गात सोबत कोरियन शिक्षिका असते आणि कागदोपत्री मुख्य जबाबदारी तिचीच. ही जोडी जमली तर वर्ष सुखाचे जाई. न जमली तर परदेशी शिक्षक नुसता उच्चार ऐकवण्यापुरता उभा राही आणि सहशिक्षिकेच्या माथी त्याची बिले, दवाखाना, घरमालक हे सगळे जादा काम येई. तिच्या या कामाची दखल फारशी कोणी घेतली नाही. दुपारी स्टीलच्या खाचांच्या ताटात भात, सूप, किमची आणि एखादी भाजी किंवा मासा, धातूच्या चॉपस्टिकसह. मुले आणि शिक्षक एकाच भोजनगृहात जेवतात. अनेक प्राथमिक शाळांत बुधवारी दुपारी शिक्षकांचा व्हॉलीबॉल रंगे. अधूनमधून ह्वेशिक, म्हणजे सहकाऱ्यांचे सामूहिक जेवण, असे. तिथे मुख्याध्यापकांचा पेला दोन्ही हातांनी भरायचा आणि आपला पेला त्यांच्यापासून तोंड वळवून प्यायचा, हा संकेत पाळणाऱ्याला शाळेत लवकर आपलेसे केले जाई. सुटीत इंग्रजी शिबिरे घ्यायची आणि उरलेले दिवस रिकाम्या, गार शाळेत नुसते टेबलाशी बसून काढायचे, हीही कराराचीच अट होती.

हाग्वॉनमध्ये कामाचा दिवस शाळा सुटल्यावर सुरू होई: दुपारी दोनपासून रात्री नऊ-दहापर्यंत, आठवड्याला तीस तासांच्या आसपास शिकवणे, वर्षाला दहा-एक दिवस रजा. बालवाडीचा वर्ग असेल तर सकाळपासूनच हजेरी. दहा-बारा मुलांचे वर्ग, मालकाने ठरवलेली पुस्तके आणि पालकांसाठी दरमहा प्रगतिपत्रे. सेऊलमध्ये क्लासना रात्री दहाची मर्यादा आहे. त्या वेळी दाएची भागातील रस्त्यांवर मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग लागते. दमलेल्या मुलांना शिकवण्याचे ओझे हा या शिक्षकांच्या आठवणींतला समान धागा आहे. नोव्हेंबरमधल्या सुनुंग या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी श्रवणचाचणीच्या वेळेत देशभर विमानांची ये-जा थांबते. आपला विषय या समाजाला किती जड आहे हे परदेशी शिक्षकाला त्या दिवशी लख्ख कळते.

पैशाच्या बाबतीत सुरुवातीचा काळ चांगला होता. २००० च्या दशकाच्या मध्यास पगार महिना वीस लाख वॉनच्या आगेमागे होता, घरभाडे नव्हते, त्यामुळे काटकसरी माणसाकडे निम्मा पगार शिल्लक राही. पुढची वीस वर्षे महागाई वाढत गेली, पगार मात्र जेमतेम हलला. तक्रारीही ठरलेल्या असत: पगार उशिरा, निवृत्तिवेतनाचा हप्ता कापूनही न भरलेला, आणि सेवासमाप्ती रक्कम टाळण्यासाठी अकराव्या महिन्यात नोकरीवरून काढणे. व्हिसा एकाच मालकाला बांधलेला असल्याने, करार संपण्याआधी नोकरी बदलायची तर त्याचेच संमतिपत्र लागे. कामगार कार्यालयात दाद मागता येई, पण भाषा न येणाऱ्या आणि वर्षभरात परतणाऱ्या माणसाने ती मागितली नाही यात नवल नाही. वाईट मालकांचे फावले ते यामुळेच.

२००७ हे संशयाचे वर्ष होते. बनावट पदव्यांची प्रकरणे गाजली. कोरियात शिकवून गेलेला एक परदेशी बालशोषणाच्या आरोपाखाली थायलंडमध्ये पकडला गेला आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच शिक्षकांवर शिंतोडे उडाले. त्या डिसेंबरपासून चारित्र्य प्रमाणपत्र, अमली पदार्थ तपासणी आणि एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. चारित्र्य प्रमाणपत्राची अट योग्यच होती. एचआयव्ही तपासणी कोरियन शिक्षकांना नसताना परदेशी शिक्षकांना लावणे हा मात्र उघड भेदभाव होता. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये ती पुन्हा करून घेण्यास नकार दिला, नोकरी गमावली आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत नेले. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१७ मध्ये कोरियाने ही तपासणी रद्द केली.

२०१० च्या सुमारास ई-२ व्हिसाधारकांची संख्या वीस हजारांच्या पुढे होती. ग्रामीण शाळांसाठी २००८ मध्ये ‘टॉक’ ही योजनाही आली होती. त्यानंतर उतार लागला. सेऊल आणि ग्योंगी प्रांताने खर्चाचे कारण देत माध्यमिक शाळांतील पदे कमी केली; दरम्यान उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या कोरियन शिक्षकांची नवी पिढी तयार झाली होती. हा बदल स्वागतार्हच मानला पाहिजे. २०१७ च्या सुनुंगपासून इंग्रजीला इतरांच्या तुलनेवरची श्रेणी न देता ठरावीक गुणांवर श्रेणी मिळू लागली आणि त्या विषयातील चढाओढ थोडी ओसरली. २०२० च्या साथीत नव्या शिक्षकांना चौदा दिवस विलगीकरणात काढून थेट पडद्यावरच्या वर्गाला सामोरे जावे लागले. ‘टॉक’ २०२१ मध्ये बंद झाली. या उताराचे सर्वांत मोठे कारण वर्गखोल्यांतच आहे: २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ इतका खाली आला आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा मुलांअभावी मिटू लागल्या.

भारतीयांसाठी या व्यवस्थेचे दार किंचित उघडले ते १ जानेवारी २०१० रोजी अमलात आलेल्या भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी कराराने. त्यानुसार पदवी आणि इंग्रजी अध्यापनाचा अधिकृत परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत सहायक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा मिळू शकतो. हाग्वॉनसाठी ही सवलत नाही. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने पगाराच्या आकड्याआधी करारातील घर, आरोग्यविमा, सेवासमाप्ती रक्कम आणि नोकरी बदलण्याची परवानगी यांविषयीची कलमे वाचावीत.